काटा जागेवर आला

“काटा जागेवर आला ना? मग आता रक्तदाबाची गोळी कशाला?” कारखान्यातल्या बॉयलरवाल्याने बायकोच्या सुजलेल्या पावलांवरून हात फिरवला. “त्या गोळीनंच पाय सुजलेत तुझे.”

“डॉक्टरीणबाईंना विचारू या की एकदा.”

“त्यांना काय विचारायचं? उभा जन्म बॉयलरपाशी गेला माझा. दाब चढला की जाळ कमी करायचा. काटा उतरला की परत हात लावायचा नाही.”

“पण माझा दाब चढला कशानं?”

“माझ्याशी संसार केलास ना! दुसरी असती तर केव्हाच फुटली असती.”

ती खळखळून हसली आणि गोळी बंद झाली.

पायांची सूज उतरली. ती पुन्हा भराभर जिने चढू लागली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. बॉयलरवाल्याची कॉलर ताठ झाली. खरं तर त्याला डॉक्टरकीची हौस नव्हती. तिचं भिंतीला धरून चालणं त्याला बघवत नव्हतं, इतकंच.

मग एका सकाळी धुणं पिळता पिळता तिच्या हातातली चादर गळून पडली आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं.

“रक्तदाब वाढणं म्हणजे राग नव्हे आणि डोकेदुखीही नव्हे,” दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याला सांगत होत्या. “रक्त आतल्या नळ्यांच्या भिंतींवर सतत जास्त जोरानं दाबत राहतं. नळ्या खराब होतात, पण माणसाला पत्ता लागत नाही. दाब उतरला होता तो गोळीमुळेच. ती बंद कुणी केली?”

बॉयलरवाल्याने सांगायला तोंड उघडलं.

“मी,” खाटेवरून आवाज आला. बायकोची जीभ जड झाली होती. एकेक अक्षर ओढून आणावं लागत होतं. “मीच.”

डॉक्टरीणबाई तिच्यावर चांगल्याच रागावल्या. जिवाशी खेळ करता का, म्हणाल्या. ती मुकाट्याने ऐकून घेत राहिली. उभ्या संसारात तिने कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता.

त्याला खरं सांगून टाकायचं होतं. पण चालत होता तेवढ्या एका हाताने तिने त्याचं मनगट घट्ट दाबून धरलं होतं.