पान एकशे ब्याण्णव, ओळ सात

दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी पडद्यावरच्या बारा वर्षांच्या मुलीने बहिणीच्या तोंडावर दार ढकलले आणि आतून कडी लावली.

समीक्षकांसाठी ठेवलेल्या त्या खेळाला एकोणतीस माणसे होती. काहींनी चुकचुक केली, काहींनी शेजारच्याकडे पाहिले. पाचव्या रांगेत बसलेल्या वेलांटीबाईच्या हातातले पेन खाली पडले. ते घरंगळत पुढच्या रांगेपर्यंत गेले, तरी ती वाकली नाही.

वेलांटीबाई हे तिचे खरे नाव नव्हे. एका दैनिकात पस्तीस वर्षे मुद्रिते तपासताना ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक तिने कोणाला पचू दिली नव्हती, म्हणून कचेरीने तिचे हे बारसे केले होते. गेली तीन वर्षे रविवारच्या पुरवणीत तिचे सदर येत होते. पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा शेजारी ठेवायचे आणि काय गाळले, काय घुसवले, कुठे माती केली, ते सांगायचे. पान आणि ओळ दिल्याशिवाय ती कोणावर ठपका ठेवत नसे. त्यामुळे दिग्दर्शक तिला वचकून होते.

आजचे पुस्तक तिच्या सख्ख्या भावाचे होते. दादाची ही एकुलती एक कादंबरी. दादा सहा वर्षांपूर्वी गेला. "घरच्या पुस्तकावर मी लिहिणं बरं दिसणार नाही," असे तिने सांगून पाहिले होते. पण पुरवणीप्रमुख ऐकेना. "घरच्या माणसाला नाही कळणार तर कोणाला? सहाशे शब्द, चार वाजेपर्यंत. आणि जरा तिखट हं!"

कादंबरी साधी. घर सोडून गेलेली थोरली बहीण एका संध्याकाळी परत येते आणि दार वाजवते. आत धाकटी एकटीच जागी असते. पान एकशे ब्याण्णव, ओळ सात: 'धाकटीने कडी काढली.' ओळ आठ: 'बाहेर कोणी नव्हते.' पुस्तक तिथेच संपते. सत्तावीस वर्षे वाचक त्या दोन ओळींवर जीव टाकत आले होते. सातव्या ओळीला कोणीतरी 'क्षमेचे वाक्य' म्हटले होते आणि ते नाव चिकटले होते.

सिनेमात धाकटीने कडी काढलीच नाही. लावली. एवढ्यावर थांबले असते तरी वेलांटीबाईने कसेबसे निभावून नेले असते. पण कॅमेरा दाराबाहेर गेला. थोरलीने दाराला कपाळ टेकले आणि हळूच म्हणाली, "टिल्ले, मी दहा मोजते. मग जाते हं."

तिने मोजले. दहा झाल्यावर पिशवी उचलली आणि ती पायऱ्या उतरून गेली. पडदा काळा झाला, नावे सुरू झाली.

बाहेर चहाच्या टेबलापाशी नुसता कल्ला चालला होता.

"मुडदा पाडला हो पुस्तकाचा!" दुसऱ्या दैनिकाचा समीक्षक म्हणाला. त्याच्या जाड भिंगांमुळे सगळे त्याला ढापण म्हणत. "काढली काय, लावली काय, ह्या लोकांना सारखंच!"

"आणि ते टिल्ले कुठून आणलं? पुस्तकात आहे कुठे?"

"बाई, आता सोडू नका ह्याला. पान-ओळ देऊन सोलून काढा! दादांचा जीव वरती तळमळत असेल."

"कोणाकडे पाणी आहे का?" वेलांटीबाईने विचारले.

ढापणाने बाटली दिली. "बसा बसा. रागानं पांढऱ्याफटक पडलात अगदी."

रागाने नव्हे. तिला टिल्ली म्हणणारे माणूस जगात एकच होते. आणि ते दहा मोजण्याचे वाक्य तिने आजवर कोणालाही सांगितले नव्हते. आईला नाही, दादाला नाही, आणि नवरा होता तोवर नवऱ्यालाही नाही.

घडले होते ते असे. थोरली बहीण, ताई, एका माणसाबरोबर निघून गेली, तेव्हा टिल्ली अकरा वर्षांची होती. जाताना ताईने तिच्या कानात सांगितले होते, "आठ दिवसांत तुला न्यायला येते." आठ दिवसांचे आठ महिने झाले. मग एका संध्याकाळी दार वाजले. आई तापाने आत पडली होती. टिल्लीने दार उघडले, समोर ताईला पाहिले आणि दार लावून कडी घातली. वैर नव्हते, रुसवा होता. ताईने जरा मनधरणी करावी, एवढेच तिला हवे होते. बाहेरून ताई म्हणाली, दहा मोजते आणि जाते. ती खरेच जाईल यावर टिल्लीचा विश्वास बसला नाही. तिने मनातल्या मनात शंभर मोजायला घेतले. शंभर पुरे झाल्यावर कडी काढली. बाहेर कोणी नव्हते.

समोरच्या इमारतीत शिकवणीला गेलेल्या दादाने खिडकीतून दार मिटताना आणि ताई परतताना पाहिले होते. ऐकू काहीच आले नव्हते. त्याने रात्री खोदून खोदून विचारले तेव्हा टिल्ली एवढेच म्हणाली, "मी कडी लावली." शंभराचे सांगायला तोंड उघडले नाही, आणि पुढे ते कधीच उघडले नाही. आई मरेपर्यंत अधूनमधून विचारत राहिली, "दार वाजलं का गं?" ताईचा पत्ता पुन्हा लागला नाही.

दादाने कादंबरीत लिहिले ते बरोबरच होते: 'धाकटीने कडी लावली.' पुस्तकाची मुद्रिते घरचीच म्हणून बहिणीकडे आली. पहिले मुद्रित तिने जसेच्या तसे परत केले, दुसरेही. शेवटच्या मुद्रितात मात्र पान एकशे ब्याण्णववर तिने 'लाव' खोडले आणि समासात 'काढ' लिहिले. पुढच्या ओळीशी ते इतके बेमालूम जुळले की छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ब्रही काढला नाही. खोटे नव्हेच, ती स्वतःला सांगत आली. कडी काढली होतीच की. फक्त उशिरा.

दादाने छापील प्रत चाळली. त्या पानावर तो बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "कागद चांगला वापरलाय." त्यानंतर भाऊबहिणीत तो विषय कधी निघाला नाही.

पाऊण वाजता तिने रिक्षातूनच वहिनीला फोन लावला.

"वहिनी, हस्तलिखित कोणाला दिलं होतंत का?"

"अहो वन्सं, ते तुमच्याकडेच ना? मी कशी देईन? त्यांनी फक्त पुस्तक पाहून सही घेतली माझी. का हो, वाईट केलाय का सिनेमा?"

"नाही."

"मग आवाज असा का येतोय?"

"रिक्षा आहे," ती म्हणाली.

घरी कपाटातला गठ्ठा जागेवर होता. सुतळीची गाठही तिचीच, दुहेरी. तिने ती सोडली नाही. सोडून तरी काय उपयोग? दहा मोजण्याचे वाक्य त्यातही नव्हते.

दीड वाजता पटकथा लिहिणारी बाई फोनवर सापडली. आवाजावरून पंचविशीची. वेलांटीबाईने नाव सांगताच ती आधी कावरीबावरी झाली.

"मॅडम, शेवटाबद्दलच ना? मला वाटलंच होतं तुम्ही झोडणार. पण तो आमचा नाहीये."

"मग कोणाचा?"

"पोस्टानं एक प्रत आली होती. सिनेमाची बातमी छापून आली ना, त्यानंतर. पुस्तकच, पण शेवटच्या पानावर पेन्सिलीनं दुरुस्ती केलेली. 'काढली' खोडून 'लावली'. आणि खाली चार ओळी. ते टिल्ले, ते दहा, सगळं तिथलंच आहे. आम्हाला वाटलं, कोणी चाहतं असेल. पण वाचून आमच्या अंगावर काटाच आला."

"आवृत्ती कोणती?"

"अं?"

"आतल्या पानावर बघ ना, बाळा. आवृत्ती आणि साल."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तिसरी आवृत्ती. चार वर्षांपूर्वीची."

वेलांटीबाई खुर्चीत बसली. दादा सहा वर्षांपूर्वी गेला होता. तेव्हा पेन्सिल त्याची नव्हती.

"पाठवणाऱ्याचं नाव?"

"नाही ना. नुसता पोस्ट बॉक्सचा नंबर. फोटो पाठवू का त्या पानाचा?"

फोटो दोन वाजायला पाच मिनिटे असताना आला. तिने तो मोठा करून पाहिला. अक्षर थरथरते, म्हाताऱ्या हाताचे. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचे अक्षर तिला तसेही ओळखता आले नसते. पण ती अक्षर पाहतच नव्हती. शेवटची ओळ होती: 'मि दहा मोजले. कडि वाजलि नाहि.'

मि. पहिली वेलांटी. कडि. तीही पहिली.

ताईला दुसरी वेलांटी कधी जमली नाही. तिच्या शाळेच्या वह्या 'मि' आणि 'आइ' यांनी भरलेल्या असत. सात वर्षांची टिल्ली लाल पेन्सिल घेऊन त्या वह्या दुरुस्त करत बसे आणि ताई तिचा कान पिळून म्हणे, "मोठी आली मास्तरीण! तू मोठेपणी हेच करत बसणार." अशी चूक करणारी माणसे हजारोंनी असतात, हे वेलांटीबाईइतके कोणाला माहीत असणार? रोज टेबलावर तशी दहा पत्रे येत. एका वेलांटीवरून छापायला बातमी होत नाही. तिने फोन पालथा ठेवला, परत सुलटा केला, आणि तोंडावर हात दाबून बसून राहिली. त्या हाताने आयुष्यभर जी चूक खोडली, तीच आज कोणी खोडू नये असे तिला वाटत होते.

कडि वाजलि नाहि. म्हणजे ताईला आजही एवढेच माहीत होते. एवढेच घेऊन ती पायऱ्या उतरली होती.

साडेतीनला पुरवणीप्रमुखाचा फोन आला.

"बाई, कुठवर आलंय? मथळा मी काढून ठेवलाय. 'क्षमेच्या वाक्याचा खून'. कसा आहे?"

"खोटा आहे."

"म्हणजे?"

"सिनेमा बरोबर आहे. पुस्तक चुकलंय."

"अहो, पुस्तक कसं चुकेल? पुस्तक तर मूळ आहे!"

"मुद्रित मी तपासलं होतं."

पुरवणीप्रमुख हळू आवाजात म्हणाला, "बाई, बरं वाटत नाहीये का? पाठवू कोणाला घरी?"

"मी मजकूर पाठवते. जसा आहे तसा लावायचा. काना-मात्रेला हात लावायचा नाही."

तीन वाजून एक्कावन्न मिनिटांनी मजकूर गेला. सहाशे शब्दांच्या जागी एकच वाक्य होते. पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र जोडतात तशा धाटणीचे, तिने जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांसाठी लिहिले तसे:

'पान १९२, ओळ ७: "धाकटीने कडी काढली" याऐवजी "धाकटीने कडी लावली, शंभर मोजले आणि काढली" असे वाचावे. चूक मुद्रितशोधकाची.'

लगेच फोन वाजला. पुरवणीप्रमुख. तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा पडद्यावर पटकथाकार मुलीचे नाव होते.

"मॅडम, एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सहाला पहिला खेळ आहे ना, त्याचं निमंत्रण आम्ही त्या पोस्ट बॉक्सवर पाठवलं होतं. आभार म्हणून. दोन तिकिटं घातली होती."

"उत्तर आलं?"

"नाही."

"पाकीट परत आलं?"

"थांबा, विचारते." ती कोणाशी तरी बोलली. पलीकडे कुठेतरी ड्रॉवर उघडला आणि मिटला. एक मिनिट वीस सेकंद गेले. वेलांटीबाई मनात मोजत होती.

"नाही मॅडम," मुलगी म्हणाली. "निमंत्रणाची बाकीची सात पाकिटं पत्ता न सापडल्यानं परत आलीत. ते नाही आलेलं."

तेव्हा चार वाजून सहा मिनिटे झाली होती.