थर्मासाने गरम ठेवलेला राग

मी थर्मास बोलतोय. दिसायला पोचे पडलेला, रंग उडालेला. पण आतली काच अजून शाबूत आहे. आत ठेवलेलं गार होऊ द्यायचं नाही, एवढा एकच गुण घेऊन मी जन्माला आलो. पाण्याच्या बाबतीत तो गुण सगळ्यांना ठाऊक आहे. रागाच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे, हे आज सांगतो.

बाबांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या पगारात घेतलं. बाबांना वेड होतं थंडीत पोहण्याचं. लोक सुट्टीत नातेवाइकांकडे जातात, हे कुटुंब गारठलेली तळी शोधत हिंडायचं. जुनी गाडी, मागच्या सीटवर दोन पोरं आणि धाकटीच्या मांडीवर मी. माझ्यात चहा कधीच नसायचा. "चहा खोलीवर गेल्यावर. पाण्यातून आल्यावर पाणीच," असा बाबांचा नियम. नुसतं कडकडीत पाणी, आणि पहिला पेला त्याला, जो पाण्यात पहिला उतरला.

पहिला पेला नेहमी बाबांचा, दुसरा धाकटीचा. पोरगी मासोळीच होती. थोरल्याचं मात्र पाणी पाहिलं की पोट दुखायचं. मिसरूड फुटलेला घोडा, काठावर घोंगडी पांघरून बसायचा आणि घरी येऊन पोहल्याच्या गप्पा हाणायचा.

त्या सकाळी माझं जुनं बूच भुगा होऊन पडलं. बाबांनी तळ्याजवळच्या दुकानातून दुसरं घेतलं. ते मापाचं नव्हतं. सरळ फिरवलं तर नुसतं गरगरायचं. तळहाताने दाबून उलटं फिरवलं की टक्‌ व्हायचं आणि मग निघायचं. धाकटीने खोलीवर पातेल्यात पाणी उकळून माझ्यात ओतलं, बूच बसवलं, एकदा उघडून पाहिलं. आई सामान आवरत मागे राहिली. आम्ही तळ्यावर गेलो.

बाबा आणि धाकटी पाण्यात शिरले. थोरल्याने मला घोंगडीत ओढलं. बुचाशी बराच झगडला, मग त्याला युक्ती सापडली. एक पेला प्यायला, मग दुसरा, मग सगळंच. एवढ्यावर थांबला असता तर मीही मूग गिळून बसलो असतो. पण रिकामा थर्मास हलका लागेल, हे त्या शहाण्याला सुचलं. त्याने मला तळ्यात बुडवून काठोकाठ भरलं आणि बूच लावून होतो तिथे ठेवून दिलं.

बाबा बाहेर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. धाकटीने गारठलेल्या हातांनी मला उघडलं आणि त्यांना पेला दिला. बाबांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला. तो घोट छातीत शिरताना त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी विसरलेलो नाही.

"पोरी, हे गार आहे गं," एवढंच ते म्हणाले.

"उकळायलाच विसरली असेल ही!" थोरला म्हणाला. "मी तर हातसुद्धा लावला नाही त्याला."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. जन्मभर इमानाने पाणी गरम ठेवलं, आणि माझ्याच पोटातून असं गार निघावं!

रात्री बाबांना ताप भरला. न्यूमोनिया झाला. वाचले, पण डॉक्टरांनी थंड पाणी कायमचं बंद केलं. धाकटीला कुणी रागावलं नाही, तेच वाईट झालं. गॅस बंद करणं, किल्ल्या सांभाळणं, तिकिटं ठेवणं, सगळी भरवशाची कामं गुपचूप थोरल्याकडे गेली. धाकटीने पोहणं सोडलं. पुढे लग्न झालं, संसार झाला, पण दाराला कुलूप लावून ती जिन्यावरून परत यायची, गॅस पाहायला. पुन्हा परत यायची. स्वतःच्या हातांवरचा तिचा विश्वासच उडाला होता. मला आईने घरी परतल्याबरोबर फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथे अंधारात मी एकच गोष्ट आत धरून बसलो. एक दिवस या थोरल्याला तोंडघशी पाडायचं.

बाबा गेले. त्यानंतरच्या थंडीत थोरल्याला प्रेमाचा उमाळा आला. "बाबांच्या आठवणीसाठी त्याच तळ्यावर जाऊ. मी आणि बाबा कसे उड्या मारायचो!" मला माळ्यावरून काढलं. खोलीवर धाकटी पाणी उकळत होती, तर हा दारातून म्हणतो, "या वेळी तरी गरम भर गं बाई!" सगळे हसले. धाकटीही हसली आणि मग पातेल्यातल्या पाण्याला बोट लावून पाहिलं. पोळलं, तरी पुन्हा लावलं.

फुशारकी मारली होती, त्यामुळे थोरल्याला पाण्यात उतरावंच लागलं. क्षणभर बुडाला आणि बोंबलत बाहेर आला. दात वाजत होते. "पाणी! गरम पाणी द्या!"

थोरल्याच्या बायकोने, वहिनीने, बूच फिरवलं. गरगर. आईने फिरवलं. गरगर. धाकटी टॉवेल घेऊन येत होती, पण त्याला दम कुठला! त्याने मला हिसकावलं, तळहाताने दाबलं, उलटं फिरवलं. टक्‌! वाफ वर आली.

धाकटी जागीच थांबली.

"दादा, हे असं उघडतं, तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? पहिल्यापासून असंच आहे."

"पहिल्यापासून नाही. हे बूच त्याच सकाळी घेतलं होतं. मी उघडलं होतं. नंतर हा माळ्यावरच होता. तू तर हातसुद्धा लावला नव्हतास."

थोरल्याने आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही.

"थंडी वाजत होती गं मला," तो शेवटी म्हणाला. "लहान होतो."

"मी तुझ्यापेक्षा लहान होते. आणि थंडी बाबांनाही वाजत होती."

तिने मला त्याच्या हातातून घेतलं. बूच लावलं आणि मला आईच्या मांडीवर ठेवलं. "मी बाहेर येईपर्यंत कुणाला देऊ नकोस." मग चपला काढल्या आणि ती सरळ तळ्यात शिरली. बाबांसारखीच, न थांबता. थोरला काठावर कुडकुडत उभा राहिला. मागण्यासाठी एकदा हात पुढे केला, तर आईने मला पदराखाली घेतलं. माझ्या जन्माचं सार्थक झालं, खोटं कशाला बोलू.

धाकटी बाहेर आली तेव्हा तिने पेला भरला आणि बोट न लावता थेट तोंडाला लावला. जीभ पोळली. तशीच रडत रडत हसली.

आता मी तिच्या ओट्यावर असतो. ती कुलूप लावून जिन्यावरून परत येत नाही. थोरला अधूनमधून येतो, "झालं गेलं विसर ना," म्हणतो. ती त्याला चहा देते, बशीसकट, नीट. तिने क्षमा केली असेल तर तो तिचा मोठेपणा. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. तुमच्या घरीही काठावर बसणारा कुणी असेल, तर माझी एकच विनंती आहे: पाणी गार निघालं, तर भरणाऱ्या पोरीला बोल लावण्याआधी घोंगडीत बसलेल्याचे ओठ बघा.

त्या दिवशी त्याचे लालबुंद होते.