कोवळे तारे

किशनराव पूर्णा जंक्शनवर गँगमन होते. लेक सुकेशनी पुण्यात दीर्घिकांवर संशोधन करायला लागली, तेव्हापासून भेटेल त्याला ते सांगत, "आमच्या सुकेशनीनं नवे तारे हुडकले."

तसं तिनं छापलंही होतं. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश रंगांत फोडला की त्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात आणि त्यांवरून तिथल्या ताऱ्यांचं वय काढता येतं. सगळ्यांनी म्हातारी ठरवलेल्या एका दीर्घिकेत तिला हायड्रोजनच्या रेषा कोवळ्या ताऱ्यांत असतात तशा ठळक दिसल्या होत्या. तिथं अजून तारे जन्मताहेत, असा शोधनिबंध तिनं लिहिला. किशनरावांनी त्याची प्रत लॅमिनेट करून आणली होती.

फुप्फुसाच्या कॅन्सरनं ते अंथरुणाला खिळले तशी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. त्याच आठवड्यात मोठ्या दुर्बिणीतून त्याच दीर्घिकेचा नवा, जास्त बारकाव्यांचा वर्णपट हाती आला. बापाच्या खाटेशेजारी बसून तिनं तो परत परत जुळवून पाहिला. रेषा कोवळ्या ताऱ्यांच्या नव्हत्याच. काही जुने तारे अखेरीस भलतेच तापतात, त्यांच्या होत्या.

"काय म्हनायलेत तुझे तारे?" किशनरावांनी धापा टाकत विचारलं.

"बरे हायत, बाबा."

ते हसले. आठवडा संपायच्या आत गेले.

दिवसकार्याच्या पुण्यानुमोदनाला अंगण भरलं. किशनरावांचे रेल्वेतले जोडीदार सूर्यभान बोलायला उभे राहिले. "किशनरावानं उभा जन्म रुळावर काढला. पन त्येच्या लेकीनं नवे तारे हुडकले. लय मोठी गोष्ट हाय."

निबंध मागे घ्यायची मेल सुकेशनीनं सकाळीच पुण्याच्या मार्गदर्शक सरांना पाठवली होती. ती उठली.

"काका, ते तारे नवे न्हाईत. माझं चुकलं. सगळे म्हातारेच हायत."

सूर्यभान हळूच खाली बसले. भन्तेजींनी घसा साफ करून वंदना सुरू केली.

पाहुणे पांगल्यावर आई, सरजाबाई, मोरीत भांडी घासायला बसली.

"त्यायला म्हाईत व्हतं का ह्ये?"

"न्हाई. जीभ रेटली न्हाई."

"मंग आज कशी रेटली?"

"खोटं किती दिवस चालू द्यायचं, आई?"

"त्यायच्यापाशी दुसरं काय व्हतं?"

सुकेशनीनं पातेल्याला हात लावला. सरजाबाईनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं आणि राखेनं घासत राहिली.