धुराच्या नळीवरचं पाणी

माझी बायको बदामबाई हट्टी आहे, हे मी सासऱ्यांनाही तोंडावर सांगितलंय. आम्हा जैनांचे अठ्ठाईचे उपवास चालू, आठ दिवस पोटात अन्नाचा कण नाही, आणि बाई म्हणाली, पारणं शहाद्याला भावाकडे करीन. आपलीच मोटार आहे ना!

मोटार आपलीच, पण लढाईमुळे पेट्रोल मिळेना. मागं कोळशाची भट्टी बसवलेली. तिच्या वायूवर ती प्रवासी भरून सारंगखेड्याहून खोकत निघायची. ड्रायव्हर मगननं त्यात आणखी भर घातली. इंजिनाचा तापलेला धूर फुकट जातो, म्हणून त्याच्या नळीवर पाण्याची पेटी बसवली. पाणी उकळायचं, वाफ निखाऱ्यांवर जायची आणि वायूला जोर यायचा. मला ते लोढणंच वाटायचं.

त्या दिवशी कोळसा ओला निघाला. दुपारभर रखडत नाल्याच्या चढापर्यंत आलो आणि मोटारीनं असा गचका देऊन दम सोडला, की बदामबाईचा लोटा कलंडला. घरून आणलेलं उकळलेलं पाणी सगळं सांडलं. उपवासात तिला तेवढंच चालतं, तेही दिवस मावळेपर्यंत. सूर्य तर बाभळींच्या शेंड्यांवर आलेला. तिचे ओठ सुकले होते, डोळे मिटत होते. रात्र अशीच गेली तर ही हातची जाईल, या भीतीनं मी मगनवरच ओरडलो.

"शेठ, पेटीमा उकळेल पानी शे ना," तो म्हणाला.

बदामबाईनं डोळे उघडले. "गाळेल शे का रे?"

"हा, माय. गाळीसनच टाकस. गाळ गया ते नळी बंद पडी जास. पन हाई पानी काढं ते गाडी चढनार नही."

"खड्ड्यात गेली गाडी!" मी म्हणालो. "काढ!"

एका प्रवाशानं बाजारातून आणलेली नवी परात पुढं केली. तिच्यात पाणी ओतून आम्ही पदरांनी, टोप्यांनी वारा घातला. बदामबाईनं लोटाभर पाणी संपवलं, तेव्हा तिच्या बांगड्यांवर अजून ऊन होतं. माझा जीव भांड्यात पडला.

आता राहिली मोटार. सगळे न सांगता खाली उतरले. बदामबाईही उठू लागली, तर "तू बस, माय," म्हणत मगननं दार लावून घेतलं. मी धोतर खोचलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या मोटारीला मागून रेटा दिला.

"नीट जोर लावा, हो!" आतून बदामबाई ओरडली.

तो आवाज ऐकून मला रडूच आलं. मी आणखी जोर लावला.