शेषेराव आप्पांचा सत्कार

दहावीला शाळेत पहिली आली माझी धाकटी बहीण लुंबिनी. गुणवंतांच्या सत्कारात माईकवरून पहिलं नाव आलं आदिनाथचं. आदिनाथ दुसरा, पण संस्थेचे अध्यक्ष शेषेराव आप्पा त्याचे सख्खे चुलते. शाल-नारळाचं ताट धरायला लुंबिनीला उभं केलं होतं. तिच्याच ताटातली शाल उचलून आप्पांनी पुतण्याला पांघरली. तिचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं, तेव्हा शाली संपल्या होत्या.

"ताट मात्र छान धरलंस हं पोरी," आप्पा म्हणाले.

घरी लुंबिनी जेवली नाही. आई म्हणाली, "जाऊ दे विनोद. मोठी माणसं हायेत."

"हाव, म्हणून तर त्यांचा सत्कार करायचा," मी म्हणालो.

सत्काराला नको म्हणणं आप्पांच्या रक्तातच नाही. शिवाय त्यांचा एक नियम अख्ख्या अहमदपूर तालुक्याला पाठ आहे: अंगावरची शाल कार्यक्रम संपेपर्यंत काढायची नाही, देणाऱ्याचा अपमान होतो. एका गुरुजींनी उकाड्यात काढली, तर आप्पांनी भर मंचावर परत घालायला लावली होती.

आणि आमच्याकडं शाल कुणी पांघरत नाही. एका सत्कारात मिळालेली पुढच्या सत्कारात खपवायची. प्रत्येक घरात एक तरी वाट बघत पडलेली असते. मी नांदेड जिल्ह्यातल्या दोस्तांना फोन लावले.

बिलोलीत आप्पा 'शिक्षणमहर्षी' झाले, ऑक्टोबरच्या उन्हात, भर दुपारी, पत्र्याखाली. धर्माबादेत 'ज्ञानसूर्य' झाले. तिथली मिरची नावाजलेली, म्हणून लाल मिरच्यांचा हार घातला. आप्पा सबंध भाषणभर शिंकले. लोकांना वाटलं, गहिवरले. अंगभर घामोळं उठलं, तरी आप्पा गाडीत बसताना मला विचारायचे, "बाहेरच्या जिल्ह्यात आपलं लई नाव हाय की रे इन्या?"

"लई, आप्पा. अजून गावचा सत्कार बाकी हाय."

गावच्या सत्काराला घरटी एक शाल आली. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. आप्पांचं फक्त नाक आणि फेटा दिसत होता. वक्ते त्यांच्या बालपणापर्यंत पोचले होते.

"पाणी," ढिगातून आवाज आला.

"बालपण संपू द्या, आप्पा. मग तरुणपण हाय."

"इन्या, काय पायजे तुला?"

"मला काय न्हाई. पहिल्या नंबराचं नाव पहिलं घ्या. माईक चालू हाय."

आप्पांनी नाक माईकजवळ नेलं. "शाळेत पहिली... लुंबिनी केरबा सोनकांबळे."

टाळ्या वाजल्या. आदिनाथच्या हातात मी अगोदरच ताट दिलं होतं. आप्पांनी त्यातली शाल उचलून लुंबिनीला पांघरली. तिनं शांतपणे "जय भीम" केला. मग ती शाल काढली, नीट झटकली आणि आप्पांच्याच अंगावर चढवली.

"लई उकडायलंय हो आप्पा," ती म्हणाली.

नियम सगळ्यांना पाठ होता.

मी पुढच्या वक्त्याला बोलावलं.