जिभेखालची दहा मिनिटं

गौरांग पोतनीसच्या जिभेखाली सकाळची भुकटी होती. ती विरघळेपर्यंत त्याला बोलायला, गिळायला, खोकायला आणि शक्यतो विचार करायलाही बंदी होती. विचाराची बंदी शेजारच्या रईसभाईंनी घातलेली. त्यांचं म्हणणं, विचार केला की लाळ सुटते.

जेलच्या दवाखान्यातला तो बाक म्हणजे भोपाळमधली सगळ्यात शांत जागा असावी. स्मॅकची नशा सोडायला निघालेले कैदी रोज सकाळी तिथे ओळीने बसत. मंजूषा सिस्टर एकेकाची गोळी कुटून जिभेखाली टाकत आणि समोर खुर्ची ओढून पहारा देत. औषध जिभेखालीच मुरलं तर दिवसभर अंगाला आराम. गिळलं तर वाया. कुटायचं कारण असं, की अख्खी गोळी गालात दडवून बराकीत विकणारे कलावंत होऊन गेले होते. मग भुकटीसुद्धा लाळेसकट बाहेर नेणारा एक महात्मा निघाला, तेव्हा सिस्टरांनी नियमच केला : "मी जीभ तपासायच्या आधी जो तोंड उघडेल त्याचं औषधाच्या यादीतून नाव कट. कारण मी ऐकून घेईन, पण नाव आधी कट."

नाव कट होणं म्हणजे काय, हे गौरांगला पुरतं ठाऊक होतं. अटकेनंतरचे पहिले दिवस त्याने औषधाविना काढले होते. नाक गळत होतं, पाय आपले आपण लाथा झाडत होते आणि हाडांच्या आत बसून कुणीतरी निवांत सुपारी कातरत होतं. अटक झाली होती ती तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टर्सचे पितळी नळ चोरल्याबद्दल. त्यातल्याच एका क्वार्टरमध्ये त्याचे आईबाबा राहत. तो गच्चीवरच सापडला, कारण नळ काढण्यापूर्वी तो दर वेळी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद करायचा. पाणी वाया जाऊ नये म्हणून. नशेने घरातलं पुष्कळ नेलं होतं, पण हे एक वळण राहून गेलं होतं.

त्या सकाळी पडद्याआड एका नव्या कैद्याला उलट्या सुरू झाल्या. सिस्टर उठल्या.

"आलेच मी. कुणी तोंड उघडायचं नाही. कलेक्टर आला तरी नाही, कळलं ना?"

कलेक्टर आला नाही. तपासणी समितीचे सक्सेना साहेब आले.

त्यांच्यामागे जेलर दुबे होते. दुबेंना बदलून येऊन आठवडाच झाला होता आणि औषध हे पाण्याच्या घोटाबरोबर घ्यायचं असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. दुबेंच्या मागे स्टेनो, स्टेनोच्या मागे दोन शिपाई. सक्सेना साहेब बाकाच्या पहिल्या माणसापाशी थांबले. पहिला माणूस गौरांग होता.

"क्या नाम है, बेटा?"

गौरांग उभा राहिला. तोंडात कडू लाळेचं तळं साचलं होतं.

"नाम पूछ रहे हैं साहब," दुबे म्हणाले.

गौरांगने बोटाने तोंड दाखवलं, मग पडदा दाखवला, मग पुन्हा तोंड. याहून स्पष्ट काही असू शकत नाही, असं त्याला वाटलं.

दुबेंच्या कपाळावर घाम आला. कैदी साहेबांना उत्तर देत नाही, म्हणजे जेलरचा धाक नाही. आणि हे साहेबांच्या अहवालात जाणार. एवढा सगळा विचार त्यांनी एका श्वासात केला आणि दुसऱ्या श्वासात म्हणाले, "सर, गूंगा है बेचारा."

बाकावर कुणाचा तरी खांदा हलला. रईसभाई हसू गिळत होते, जे गिळायला खरं तर परवानगी नव्हती.

सक्सेना साहेबांचा चेहरा मात्र उजळला. मुक्यांशी खुणांनी कसं बोलावं, याचं दोन दिवसांचं शिबिर त्यांनी नुकतंच केलं होतं आणि तेव्हापासून त्यांना एकही मुका माणूस भेटला नव्हता. त्यांनी फाइल शिपायाकडे दिली, बाह्या सारल्या आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं बांधलं. बहुधा घर. किंवा हत्ती. मग गौरांगकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या.

मोठ्या माणसाने इतक्या प्रेमाने काही विचारलं तर नाही म्हणू नये, म्हणून गौरांगने मान डोलावली.

"देखा? जाना चाहता है," साहेब म्हणाले. "दुबे जी, ऐसे आदमी को यहाँ क्यों रखा है? दिव्यांग वॉर्ड वाली जेल में भेजिए. आज ही. लिखो भाई."

स्टेनो लिहू लागला.

त्या जेलची माहिती सगळ्या बराकीला होती, कारण रईसभाई तिथूनच आले होते. तिथे वॉर्ड होता, बाग होती, हार्मोनियमसुद्धा होती. हे औषध नव्हतं. नशा उतरवायला थंड पाण्याची एक बादली मिळे आणि तीही स्वतः भरायची असे.

आता बोललं तर नाव कट. नाही बोललं तर दुपारच्या गाडीत. त्याने जीभ टाळूकडे दाबून भुकटी चाचपली. अजून होती. थोडी, पण होती. स्टेनोचं पेन 'मूक' या शब्दापाशी पोहोचलं होतं आणि साहेब हातांनी गौरांगला बहुतेक प्रवासाच्या शुभेच्छा देत होते.

पडदा सरकला. सिस्टर बाहेर आल्या, साहेबांना नमस्कार केला आणि सवयीने टॉर्च काढला.

"चल गौरांग, आ कर. जीभ वर."

त्याने आ केला. टॉर्चचा उजेड आत हिंडला. साहेबही वाकून पाहू लागले. "गले की नस है क्या?" त्यांनी हळूच दुबेंना विचारलं. दुबे म्हणाले, नसच असेल.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "आता बोल. पायांचं दुखणं कसं आहे?"

साहेबांच्या खांद्यामागून दुबे नुसत्या डोळ्यांनी सांगत होते की बोललास तर बघ. हे रोज इथे असणार, साहेब तासाभरात जाणार. गौरांगने एकदा दुबेंकडे पाहिलं, एकदा स्टेनोच्या कागदाकडे.

"सर," तो म्हणाला, "मुझे बोलना आता है."

स्टेनोने पेनाला टोपण लावलं.

"कब से?" साहेबांनी विचारलं.

"बचपन से, सर."

"चमत्कार हो गया, सर," दुबे पुटपुटले, पण त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

साहेबांनी बाह्या खाली केल्या. आवाज थंड झाला. "अभी मैंने तुमसे बात की. तुमने जवाब दिया. मज़ाक चल रहा है? मुँह में क्या छुपाया था?"

"सर, त्याच्या जिभेखाली औषध होतं," सिस्टर मध्ये पडल्या, मग भान येऊन हिंदीत वळल्या. "जब तक घुल नहीं जाता, ये लोग बोल नहीं सकते. मेरा ही नियम है."

साहेबांनी बाकावरून नजर फिरवली. गप्प चेहऱ्यांची ओळ गप्पच राहिली. नजर रईसभाईंवर थांबली.

"ठीक है. इसका घुलने दीजिए. ये बोला तो आपकी बात सच. नहीं बोला तो ये लड़का नाटक कर रहा था और ऑर्डर कायम." त्यांनी सिस्टरांची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

आयुष्य टांगायला खुंटी मिळाली तीही रईसभाईंची. हा माणूस गेल्या ईदला केवळ गंमत म्हणून हजेरीच्या वेळी स्वतःच्या नावाला गप्प राहिला होता आणि अख्खी बराक उन्हात उभी राहिली होती.

सगळे थांबले. पंखा फिरत होता. एक शिपाई खोकला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने माफी मागितली. दुबे रईसभाईंकडे टक लावून होते आणि रईसभाई छताकडे. पडद्याआड नवा कैदी कण्हला. तो आवाज गौरांगच्या ओळखीचा होता. दोन-तीन दिवसांत आपलाही तसाच येईल, असं त्याच्या मनात आलं.

अखेर सिस्टरांनी टॉर्च मारला. "हो गया. बोलिए, रईसभाई."

रईसभाईंनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं. गौरांगकडे पाहिलं आणि मग चांगला वेळ घेऊन ओठ पुसले.

स्टेनोने पेनाचं टोपण काढलं.

"हुज़ूर," रईसभाई म्हणाले, "दाल."

"क्या दाल?"

"पहले तो ये कि दाल में दाल नहीं है. दूसरे, को खां, पाँच नंबर बैरक का पंखा. वो चलता नहीं, बस डराता है. तीसरे, कंबल..."

साहेबांनाही भोपाळी थाटात 'को खां', म्हणजे 'काय राव', करत इतका वेळ गप्प बसण्याचा सूड ते आता घेत होते. कंबलावरून ते नाल्यावर गेले, नाल्यावरून उंदरांवर. त्यातल्या एका उंदराला त्यांनी नाव ठेवलेलं होतं. साहेब उठले. "ऑर्डर रहने दो," ते स्टेनोला म्हणाले. दारातून वळून त्यांनी सगळ्या बाकाला उद्देशून हवेत हातांनी एक खूण केली. शिबिराची सवय असावी. मग लवाजमा झपाझप निघून गेला, आणि रईसभाईंचा आवाज त्यांच्या मागे व्हरांड्यापर्यंत गेला.

दुबे मागे राहिले. ते गौरांगच्या अगदी जवळ आले.

"मुझे झूठा बनाया तूने."

गौरांग काही बोलला नाही. आता तोंडात काहीच नव्हतं, तरी.

"कल से सबसे आख़िर में बैठेगा. उधर, खंभे के पीछे. शक्ल नहीं दिखनी चाहिए मुझे."

"जी, सर." गौरांगने आवंढा गिळला. आता ती मुभा होती. "कल कितने बजे, सर?"

"रोज़ के टाइम पे, और कब."

दुबे गेल्यावर गौरांग खांबामागच्या जागेवर जाऊन बसला. उद्याचं आजच करून टाकलेलं बरं. शिवाय खांबामागेही सकाळची भुकटी मिळणारच होती.