उजव्या मागच्या चाकातलं कातडं

अमीनसाहेब, पंचनाम्यात तुम्ही खोटं लिहिलं. 'ब्रेक बराबर, डायव्हर बेपर्वा' असं उर्दूत लिहून त्याखाली पुंजारामचा अंगठा घेतला. त्याला उर्दू वाचता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी बोलणार नाही, असंही तुम्ही धरून चालला होता.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार. अमीनसाहेबांच्या पोलीस कचेरीच्या आवारात लिंबाखाली जप्तीत उभी आहे. माझ्या गादीवर कोंबड्या अंडी घालतात. कुणी पाना घेऊन जवळ आलं की मला धडकी भरते. तो काय काढून नेईल, याचा नेम नाही.

मी जालन्याच्या ठेसनात उतरले, तेव्हा तीर्थपुरीच्या रामरावांनी मला घरी नेलं. मालकीण नंदाबाईंनी माझ्या दिव्यांना कुंकू लावलं. पुंजाराम माझा डायव्हर. बॉनेट उघडायच्या आधी तो पायातली पायताणं काढायचा. दहा वर्षं आम्ही दोघांनी लोकांची बाळंतपणं, लग्नं, दुखणी वाहिली. कुणाला खरचटलं नाही.

मग जगाची लढाई सुरू झाली आणि मोटारीचं सामान मिळेना. चाकाच्या आत एक पट्टी असते. ब्रेक दाबला की ती घासते आणि चाक थांबतं. माझ्या उजव्या मागच्या चाकातली पट्टी झिजून संपली. रामरावांनी वाड्यातच दगडांवर मला उचललं आणि विहिरीच्या जुन्या मोटेचं कातडं पट्टीसाठी कापायला बसले.

पुंजाराम म्हणाला, "मालक, मोटंला दरसाल करडीचं तेल पाजतो आपण. ते मुरलंय त्यात. चाक धरायचं न्हाई."

"बारा बैलांच्या विहिरीचं पाणी ओढलं ह्या कातड्यानं. तुझं एक चाक धरना व्हय?"

"वढायचं काम येगळं, धरायचं येगळं. मी सांगून राह्यलो, दोन्हीकडं सारखी पट्टी पायजे. न्हाईतर गाडी एका अंगाला वढंल."

"तू डायव्हर हायेस का जोशी? ठोक रिवेट."

पुंजारामनं ठोकले. त्याचं पोट त्या वाड्यावर होतं. मी त्याला दोष देत नाही, पण त्या दिवशी त्यानं पाना फेकून द्यायला पाहिजे होता.

तिसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. रामराव मागं बसले. गावाच्या अलीकडं उतार लागला. पुंजारामनं ब्रेक दाबला. माझं डावं चाक थांबलं. उजव्यात कातडं तापलं, तेल सुटलं आणि चाक फिरतच राहिलं. मी गर्रकन डावीकडं वळले. तिथून साळूबाई डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन चालली होती. तिचा पाय माझ्याखाली मोडला.

पुंजाराम तिला खाटेवर घालून दवाखान्यात घेऊन गेला. पंच यायचे होते. तेवढ्यात कुणीतरी माझं उजवं मागचं चाक उघडलं. माझे दिवे पुढं आहेत, मला मागचं दिसत नाही. पण पाना माझाच होता. तो माझ्या पेटीत असतो आणि पेटीची किल्ली रामरावांच्या करगोट्याला. तेव्हा अमीनसाहेब, तुम्ही माझ्या पायरीवर बसून पान खात होता. तुम्ही म्हणालात, "जल्दी करा, लोक येतील."

चाक परत बसवलं. मग पंच आले, मला भोवताली फिरून बघितलं आणि गेले.

मित्रांनो, घरी ब्रेक बदलणं पाप नाही. जो सांगतो 'हे धरायचं न्हाई', त्याचं न ऐकणं पाप आहे. आणि मग त्यालाच आत टाकणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

परवा पुंजारामची पेशी आहे. अमीनसाहेब, घाईत कातडं ओढून काढलं, पण दोन रिवेट तुटले नाहीत. त्यांच्याखाली बोटाएवढा तुकडा अजून अडकलेला आहे. त्याला करडीच्या तेलाचा वास येतो. पंचांसमोर, साळूबाईसमोर, पुंजारामसमोर ते चाक उघडा.

उघडता का न्हाई?